कॉलरच्या वर पाणी नको

शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाचं नाव काही सांगत नाही, आमचे पावणे आहेत तिथं. मागच्या महापुरानंतर गावाला एक अल्युमिनियमची बोट मिळाली होती. बारा माणसांची, दणकट. नंतर ती पंचायतीच्या मागं पडून राहिली आणि तिच्यात कोंबड्यांनी संसार थाटला. रंग उडाला, पत्र्यावर पांढरी भुकटी धरली, पण पाण्यात घातली की मुकाट चालायची. शहाण्या माणसानं कोंबड्या हाकलल्या असत्या आणि तो गप्प बसला असता.

पण हंबीररावांना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. गावची सरपंच त्यांची बायको, क्रांती. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा हंबीररावांनी मोठ्या मनानं तिला उभं केलं, निवडून आणलं आणि तिच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसले. तिनं फक्त सह्या करायच्या. "शिकल्याली हाय, सही झ्याक करती," असं चारचौघांत कौतुकही करायचे. ऐकून क्रांतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तसाच तिळपापड होत ती चहा टाकायला उठायची.

"बोटीला रंग मारायचा," एक दिवस त्यांनी जाहीर केलं. "आन् दोनी अंगाला माझं चित्र. फेटा बांधल्यालं, हात जोडल्यालं. पुरात टीव्हीवाली येत्यात. बोट दिसती, पर कुणाची त्ये कुठं कळतंय?"

"अवो, पण बोट गावाची हाय की," क्रांती म्हणाली.

"मग गाव कुणाचं हाय?" हंबीररावांनी विचारलं, आणि विषय संपला.

रंगाला चमन पेंटरला बोलावलं. डिजिटल बोर्ड आल्यापासून त्याचे ब्रश वाळून खराटे झाले होते. त्यानं बोट लाकडी घोड्यांवर चढवली, पॉलिशपेपरनं भुकटी घासून काढली, थिनरनं पुसली आणि प्रायमरचा डबा मागितला.

"प्रायमर कशाला? डायरेक मार की!"

"सरकार, अल्युमिनियम लई मिजासखोर. प्रायमर न्हाय मारला तर पैल्याच पावसात तुमचं त्वांड सोलून निघंल."

प्रायमर ताबडतोब आला.

मग निळा रंग झाला आणि चित्र सुरू झालं. चमननं आधी परातीएवढं तोंड काढलं. "एवढंच?" म्हणून हंबीरराव रुसले. त्यानं वाढवलं. ते म्हणाले, आणखी वाढव. शेवटी फेटा बोटीच्या वरच्या काठाला टेकला आणि जोडलेले हात पार बुडाशी गेले. मधे मिशा, त्याही शिंगांसारख्या वळवलेल्या.

आता गाव नदीकाठचं. बोटीत माणूस बसला की बोट पाण्यात खाली जाते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण बोललं कोणी? आमच्याकडं शेजारी चुकला तर माणूस दारात जाऊन ओरडून सांगतो. पुढारी चुकला तर मात्र तंबाखू मळत मजा बघत बसतो. क्रांतीनंही पाहिलं आणि तीही बोलली नाही. लग्नानंतर इतका आनंद तिला क्वचितच झाला होता.

चाचणीला बोट पाण्यात सोडली. बोट चालवणारा आकाराम एकटा होता तोवर हंबीरराव छातीपर्यंत कोरडे होते. चौघं बसले, पाणी कॉलरला लागलं. आठ बसले आणि मिशा गेल्या. काठावर कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा काठच हसला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा ठराव झाला. लोकांच्या सुरक्षेसाठी बोटीत एका वेळी चारच माणसं बसवावीत. घरी मात्र हंबीररावांनी साध्या भाषेत सांगितलं, "कॉलरच्या वर पाणी नको." क्रांतीनं सही केली. झ्याक केली.

ऑगस्टात धरणांतून पाणी सुटलं आणि कृष्णा गावात शिरली. खालच्या आळीतली दहा माणसं शाळेच्या स्लॅबवर अडकली. त्यात शालूबाई आणि तिची दिवस भरलेली सून अनुजा. बाळंतपणाची बाब, बाईमाणूस पाहिजे, शिवाय टीव्हीवर बरं दिसतं, म्हणून हंबीररावांनी आकारामबरोबर क्रांतीला पाठवलं. "चारच हां!" काठावरून ते ओरडले. शेजारी कॅमेरा उभा होता.

म्हणजे आकाराम आणि क्रांती सोडून आणखी दोघंच. बोट स्लॅबला लागली तेव्हा पाणी माणसांच्या घोट्याला आलं होतं. अनुजा कळा देत होती.

"तिला न्या," शालूबाई म्हणाली. "आनी एक ल्हान प्वार घ्या. आमी थांबतो."

"सगळी बसा, मावशी."

"कसं बसायचं बाई? चारच म्हणं. तुजीच सही हाय की त्याच्यावर."

म्हातारीनं टोमणा मारला नव्हता. तिला तो कायदाच वाटत होता. ती खरोखर पाण्यात उभी राहायला तयार होती, एका माणसाच्या मिशा भिजू नयेत म्हणून. क्रांतीला स्वतःची लाज वाटली. मग तिनं खाली वाकून म्हातारीला काखेत हात घालून उचललंच.

"बसा म्हणतोय न्हवं! आकाराम, बोट किती माणसांची?"

"बाराची, वैनी. पर मालक..."

"मालकाला पवता येतंय."

बारा माणसं भरली. कॉलर गेली, मिशा गेल्या, डोळे गेले. बोट काठाला आली तेव्हा पाण्यावर नुसता फेटा दिसत होता.

अनुजाला जीपमध्ये घालून दवाखान्यात पाठवलं. हंबीरराव लालबुंद झाले होते, पण कॅमेरा चालू होता. तेव्हा ते हसत हसत पुढं आले, दबक्या आवाजात "घरी चल, मग बगतो तुला" म्हणाले आणि ऐटीत बोटीत चढून हात जोडून उभे राहिले.

"आकाराम, मळ्याकडं घे," क्रांती म्हणाली. "तिकडं अजून माणसं हाईत."

"मी येतो की," हंबीरराव कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले.

"तुमी उतरा."

"काय?"

"तुमच्या जागंवर दोन माणसं बसत्यात. उतरा." हे ती मोठ्यानं बोलली, सगळ्या काठाला ऐकू जाईल असं.

या खेपेला काठावर कुणी हसलं नाही. हंबीररावांनी आकारामकडं बघितलं, तो इंजिनची दोरी धरून क्रांतीकडं बघत होता. मग त्यांनी विजार वर धरली आणि चिखलात पाय टाकला.