अकरा खुर्च्यांचं सागवानी टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. अकरा खुर्च्या मावतील एवढं लांबरुंद, अस्सल सागवानी. १९९३ साली धायरीच्या रंगराव मिस्त्रींनी मला घडवलं. धायरी तेव्हा गावच होतं. टेम्पोत चढवताना त्यांची बायको कुसुम म्हणाली, "लई देखणं हाय. जपून न्या." तेवढं कौतुक गाठीला बांधून मी शहरात आलो.

माझे मालक पाच मित्र होते. बुधवार पेठेत, रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर त्यांनी संगणकाचा धंदा मांडला होता. देशाची दारं उघडली, परदेशातून कामं येऊ लागली, तशी कंपनीनं मोठी कचेरी घेतली. माझ्याभोवती संचालक मंडळ बसू लागलं, म्हणजे कंपनीचे मोठे निर्णय घेणारी माणसं.

ती पाचही माणसं एकाच शाळेतली. सहावे आले ते एकाचे मेहुणे, सातवे दुसऱ्याचे वर्गमित्र. वाईट नव्हती हो माणसं. कष्टाळू होती. पण नवा संचालक घ्यायचा म्हटलं की अध्यक्ष बद्रीनाथ साहेब विचारायचे, "आपल्यातलाच आहे ना?" मग सगळे माना डोलवायचे. खाली कामाच्या मजल्यावर साऱ्या महाराष्ट्रातली मुलं-मुली राबत होती. माझ्याभोवती मात्र एकाच वळणाची आडनावं फिरत राहिली.

१९९८ साली प्रियदर्शनी गजभिये नावाची मुलगी भंडाऱ्याहून नोकरीला आली. एकदा ती या खोलीत माहिती द्यायला आली आणि म्हणाली, "सर, प्रोग्राम बरोबर चालून राहिला, माहितीच चुकीची भरली आहे." तिच्या 'चालून राहिला'वर दोघे जण गालातल्या गालात हसले. मुलीनं ते पाहिलं. तिनं तेच वाक्य, त्याच शब्दांत, पुन्हा सांगितलं. चूक तिनं दाखवली तिथेच निघाली.

पुढची तेरा वर्षं मी तिची कीर्ती ऐकत होतो. परदेशातली एक विमा कंपनी काम काढून घेणार होती. प्रियदर्शनी चार महिने तिकडे राहिली आणि ते काम राखून आली. "शाब्बास!" असं म्हणत सगळ्यांनी माझ्यावर हात आपटले. वरची जागा मात्र दोनदा रिकामी झाली आणि दोनदा दुसऱ्याला मिळाली.

२०११ साली संचालकाचीच जागा रिकामी झाली. तीन नावं आली. त्यांत तिचं काम सगळ्यांत मोठं होतं. बद्रीनाथ साहेब म्हणाले, "हुशार आहे, वादच नाही. पण या खोलीसाठी जरा वेगळी घडण लागते. तिचं नाव बाजूला ठेवू."

बैठकीत कोण काय म्हणालं याची नोंद कंपनी सेक्रेटरी कौशल्याताई ठेवत. त्यांनी पेन थांबवलं.

"घडण म्हणजे नक्की काय लिहू, साहेब?"

"अहो, ते कळतं सगळ्यांना."

"मला नाही कळलं. आणि उद्या हा कागद वाचणाऱ्यालाही कळणार नाही. नीट सांगा, म्हणजे तसं लिहिते."

एकानं चष्मा पुसला. दुसऱ्यानं चहा थंड झाल्याचं सांगितलं. लिहिण्याजोगं कारण कुणाकडेच नव्हतं. बद्रीनाथ साहेबांचा चेहरा लाल झाला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. तिघांनाही बोलवा. प्रश्न सगळ्यांना तेच."

तो दिवस मी विसरणार नाही. पहिल्या दोघांनी आपल्या यशाच्या गोष्टी सांगितल्या. प्रियदर्शनीला विचारलं, "तुमची मोठी चूक कोणती?" ती म्हणाली, "माझ्या हाताखालच्या एका मुलानं धोका आधी सांगितला होता. नवा आहे म्हणून मी ऐकलं नाही. तेव्हापासून बैठकीत सगळ्यांत नव्या माणसाला मी आधी बोलू देते."

तेवढ्यात एक संचालक म्हणाले, "गजभिये... म्हणजे आपण मूळच्या कुठल्या?"

"हा प्रश्न इतर दोघांना विचारला नव्हता," कौशल्याताई मान वर न करता म्हणाल्या.

"राहू द्या, मॅडम, सांगते," प्रियदर्शनी म्हणाली. "भंडारा जिल्ह्यातली. आजोबांनी छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वडील टपाल वाटायचे. आणखी काही विचारायचं आहे?"

ती बाहेर गेल्यावर तिच्या नावावर मत घेतलं. हात वर झाले. दहापैकी सात! सातवा हात बद्रीनाथ साहेबांचा होता. तो सावकाश वर गेला, पण गेला.

रुजू होण्याच्या दिवशी तिनं वडिलांना, सुखदेवरावांना, खोली दाखवायला आणलं. "बाबा, बसा नं." ते म्हणाले, "तू बस, बाई. मी पाहून राहिलो." ती बसली. म्हातारा दाराशी उभा राहून डोळे भरून पाहत राहिला. माझ्या लाकडात पुन्हा पालवी फुटते की काय, असं मला वाटलं!

तिनं पहिला ठराव मांडला, की वरची प्रत्येक जागा उघडपणे जाहीर करायची आणि नकाराचं कारण लेखी द्यायचं. ठराव मंजूर झाला, आणि पाहता पाहता माझ्याभोवतीचा सूर बदलला. नंदुरबारच्या पाड्यावरून आलेला चेतन पावरा आला. सोलापूरच्या रेहाना शेख आल्या. इंफाळची एक अभियंता आली. वादावादी वाढली, आणि कंपनीही वाढली.

आता माझ्या पाठीवर कपांची वर्तुळं उमटली आहेत. मधली काही वर्षं मला कुणी तेलपाणीही केलं नाही, याचं वाईट वाटतं. मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या बाकांवर कर्कटकानं नावं कोरू नका, लाकूड जपा. आणि उद्या निवड करणं तुमच्या हाती आलं, तर नकाराचं कारण आधी कागदावर लिहून पाहा. लिहिताना पेन अडखळलं, तर तो माणूस नव्हे, आपला निर्णय तपासा.

चला, पुरे करतो. सुतार आलाय मला पॉलिश करायला. सोमवारी अकराला बैठक आहे, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत पहिल्यांदाच प्रियदर्शनी गजभिये बसणार आहेत.