एक जून

चुडामण गुरुजींनी चष्मा पुसला आणि वहीचं पहिलं पान पुन्हा वाचलं. शाई फिकी झाली होती, अक्षर मात्र अजून ठसठशीत.

"सापडनं का गुरुजी?" लिलाबाईंनी विचारलं. त्या आपल्या घराच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"पाहतोय."

केंद्रातल्या सहा शाळांचा इतिहास लिहायचं काम निवृत्तीनंतर गुरुजींकडे आलं होतं. पहिली ओळ त्यांनी मनात केव्हाच लिहून ठेवली होती: सन १९६६, पहिली शाळा, पहिले शिक्षक चुडामण पाटील. आडवी येत होती ती ही लिलाबाईंची वही. त्याच्या दोन वर्षं आधीपासून लिलाबाई बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात पोरं गोळा करून शिकवत. सातवी शिकलेली बाई. ना पगार, ना शिक्का. शिक्का गुरुजींनी आणला, खोल्या त्यांनी बांधून घेतल्या, तीस वर्षं खडू झिजवला. तरी पारोळ्याची एसटी फाट्यावर थांबली की कंडक्टर आजही ओरडायचा, "बाईनी शाळा, उतरा!" दर वेळी गुरुजी मुद्दाम सगळ्यांत शेवटी उतरायचे.

ही नुसती हजेरीची वही निघावी, एवढंच त्यांना हवं होतं. मग ती ओळ त्यांची.

पण वहीत लिहिलं होतं: 'भाईदास. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ सप्टेंबर.' 'सुंदर. अक्षय तृतीयेला, आखाजीचा झोका बांधला त्या दुपारी, २ मे.' चौतीस पोरं, चौतीस जन्मतारखा.

गुरुजींच्या रजिस्टरात सगळ्यांची तारीख एकच होती, एक जून. आईबापांना तारीख सांगता आली नाही की तीच टाकायची.

"एवढ्या तारखा आणल्या कुठून?"

"मायस्ले इचारं. घरोघर जाईसन." लिलाबाई हसल्या. "तुमना बठ्ठा पोऱ्या एकच रोज जलमनात का हो?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वही मिटली, परत द्यायला हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

"मीही एक जूनचाच," ते म्हणाले. "कागदावर. आई म्हणायची, कापूस वेचणीत झालास."

लिलाबाईंनी लसणाचं सुपडं बाजूला सारलं.

"कोनती येचनी? पहिली का दुसरी?"

गुरुजी ओट्यावर टेकले. वही पुन्हा उघडली. चौतिसाव्या नावाखाली एक ओळ मोकळी होती. इतिहासासाठी आणलेलं पेन त्यांनी खिशातून काढलं आणि बाईंच्या हाती दिलं.