हवालदाराची तिसरी पेटी

हवालदार गेला त्याला चार दिवस झाले होते आणि तो अजून आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातच होता. मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला, वाटाण्याच्या पिशवीला टेकून.

हवालदार म्हणजे आमचं कबूतर. आज ‘आमचं’ म्हणतेय, पण तीन वर्षं मी ह्यांच्याशी बोलताना ‘तुमचं कबूतर’ असंच म्हणत आले. ‘तुमचं कबूतर माझ्या धुतलेल्या चादरीवरून चालत गेलं.’ ‘तुमच्या कबुतराने माझ्या अंगठ्याला चोच मारली.’ ते चालायचंच तसं, छाती पुढे काढून, मानेला झटके देत. बघायचं असं, की आपण कुठेतरी चोरी केलीय आणि ती ह्याला ठाऊक आहे. म्हणून हवालदार.

आमचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. तीन वर्षांपूर्वी एके सकाळी हे पडदा सारून आत आले ते एप्रनची झोळी करून. झोळीत मांजराच्या तोंडातून सोडवलेलं एक पिसांचं गाठोडं, डावा पंख लोंबतोय.

“अहो, हे नाही जगायचं,” मी म्हटलं.

“का नाही? पाठ उसवलीय नुसती. पानं सगळी शाबूत आहेत.”

ह्यांना जगात दोनच गोष्टी दिसतात, पुस्तकं आणि दुरुस्तीला आलेली पुस्तकं. पुठ्ठ्याची बारीक पट्टी कापली, पंखाला लावली, वर पुस्तकाच्या पाठीला लावतात ती मलमल गुंडाळली आणि खळीने चिकटवली.

“पाखराला खळ लावताय?”

“पिठाचीच आहे. चाटली तरी पोट भरेल.”

आणि खरंच सांगते, त्याने ती चाटली. दोन दिवसांत अर्धं प्लास्टर खाऊन झालं. हे पुन्हा लावायचे, तो पुन्हा खायचा. मी म्हटलं, हा रुग्ण नाही, हा पंगतीला बसलाय.

पुढे खळ हाच त्याचा आहार झाला. ओल्या खळीवरून चालणं हा त्याचा व्यायाम. वाचनालयाच्या पुस्तकांच्या अस्तरांवर तीन-तीन बोटांचे ठसे जाऊ लागले. वाचनालयाच्या बाई फार सभ्य. त्या एवढंच म्हणाल्या, “नक्षी सुरेख आहे हो, पण सगळ्या पुस्तकांवर सारखी येत नाही.”

तर असा हा हवालदार एका सकाळी पुस्तकं दाबायच्या शिकंज्याखाली मान वाकडी करून पडलेला दिसला. ह्यांनी उचलला, गालाला लावला. “थंड आहे,” म्हणाले, आणि तसेच उठून फूटपट्टी शोधायला लागले. “पेटी करतो त्याला.”

मला बरं वाटलं. हातांना काम मिळालं की माणूस सावरतो. पेटी म्हणजे ह्यांचं तासाभराचं काम. दुपारपर्यंत मागच्या अंगणात मूठमाती देऊ, असा माझा हिशेब. तोवर म्हणून तो फ्रीजमध्ये.

पहिली पेटी झाली. “शेपूट दुमडतंय,” म्हणाले, आणि बाजूला ठेवली.

दुसरी झाली. तिचं झाकण ह्यांनी वीस वेळा लावलं नि काढलं. “ऐक. झाकण बसताना हवा हळूच बाहेर आली पाहिजे, सुस्कारा सोडल्यासारखी. हे बघ, ठप्प बसतंय.” मी कान लावून ऐकलं. सुस्कारा निघाला असता तरी मला ठप्पच ऐकू आलं असतं, पण मान हलवली.

तिसऱ्या पेटीला आत लावायला त्याच्या मानेच्या रंगाचा कागद हवा होता. एका बाजूने हिरवा, दुसरीकडून जांभळा. असा कागद कुठे मिळत असतो का? देवाने तो एकदाच काढलाय आणि कबुतरांना वाटून संपवलाय. हे दोन दिवस कागदावर रंग ओढत बसले. वाचनालयाची अकरा पुस्तकं शिवलेली, बिनकव्हराची पडून होती. फोन वाजायचा, हे उचलायचे नाहीत. ताट वाढलं की म्हणायचे, “हा हात झाला की आलोच,” आणि ताट तसंच परत जायचं. डोळ्यांत मात्र एक थेंब नाही. तेच मला बघवेना. मला पेटीचं काही नव्हतं. मला माझा नवरा जेवायला बसलेला बघायचा होता.

चौथ्या दिवशी माझा थोरला भाऊ आला. दादाचा गुडघा सुजला होता. मला काही सांगायच्या आत तो लंगडत फ्रीजपाशी गेला आणि बर्फ शोधू लागला.

“अगं, हे काय गुंडाळलंयस? कोंबडी?”

“हात लावू नकोस! हवालदार आहे.”

दादाने हात असा मागे घेतला, जणू फ्रीजच चावला. पडद्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, “इथे? वाटाण्याशेजारी?”

“मग कुठे ठेवू? बटाट्याशेजारी?”

दादा मनाने चांगला आहे, पण त्याच्या तोंडाला फाटक नाही. सरळ पडदा सारून दुकानात गेला. “जावईबापू, अहो काय हे! चौकात पाचशे कबुतरं फिरतायत. सांगा कसलं हवंय, आत्ता उचलून आणतो.”

ह्यांनी कुंचला खाली ठेवला. “दादा, बायकाही पुष्कळ फिरतायत चौकात. तुमच्या बहिणीच्या बदली आणू एखादी?”

दादा परत आला आणि वाटाण्याची पिशवी गुडघ्यावर धरून बसला. थोड्या वेळाने मला म्हणाला, “तसं बघितलं तर बरोबर बोलले गं.”

शेवटी मी बुवांना बोलावलं. दर आठवड्याला मी त्यांचं कीर्तन ऐकायला जाते. काय आवाज दिलाय देवाने! रडणाऱ्याला हसवतात, हसणाऱ्याला रडवतात, आणि दोघांनाही घरी जाताना हलकं वाटतं. मला वाटलं, ह्यांचं अडलेलं पाणी बुवाच मोकळं करतील. बुवा लगेच आले. काखेत पदांचं पुस्तक. ह्यांनीच बांधून दिलेलं, अकरा वर्षांपूर्वी.

बुवा स्टुलावर टेकले. तिन्ही पेट्यांकडे बघितलं. घसा साफ केला आणि गोड आवाजात सुरुवात केली, “असं बघा, देह म्हणजे काय? नुसतं कव्हर. आतला मजकूर अमर आहे. कव्हर जुनं झालं, गळून पडलं, तर शहाण्याने...”

मी डोळे मिटून घेतले. साऱ्या गावात हे वाक्य चाललं असतं, या एका दुकानात चालणार नव्हतं.

“नुसतं?” हे म्हणाले.

“दृष्टांत आहे हो.”

“असू दे. नुसतं कव्हर? मग मी चाळीस वर्षं काय करतोय? पुड्या बांधतोय?” हे उठले. “द्या इकडे ते पुस्तक.”

बुवा बिचारे साधे. त्यांना वाटलं, एखादं पद काढून वाचणार. दिलं. ह्यांनी सुरी घेतली, दोन बाजूंनी दोन फटकारे, आणि अकरा वर्षांचं कव्हर अलगद हातात. मग पाठीचे दोरे कापले. पानांचे फर्मे सुटे झाले, घड्या उलगडल्या. वर पंखा गरगर फिरत होता.

“आता गा,” हे म्हणाले.

पदं दुकानभर उडाली. काही शिकंज्याखाली, काही पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे, एक खळीच्या भांड्यात. बुवा रांगत पानं गोळा करू लागले. मी रांगायला लागले. आवाज ऐकून दादा आला, त्याचा गुडघा असा आणि तोही रांगायला लागला. उभे फक्त हे, हातात रिकामं कव्हर धरून, स्वतःच घाबरल्यासारखे.

बुवांचं मोठेपण मला त्या दिवशी कळलं. ते रागावले नाहीत. टेबलाखालूनच म्हणाले, “चुकलो. नुसतं नसतं कव्हर. सोपा दृष्टांत सुचला, म्हणून बोलून गेलो.” मग पानं छातीशी धरून बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. “पण मला एक कळत नाही. तुमचा हात असा, की अकरा वर्षांत माझं एक पान हललं नाही. मग एवढ्याशा जिवाला तीन पेट्या करूनही झाकण का लागत नाही?”

ह्यांनी हातातलं कव्हर उलटंपालटं करून बघितलं. मग स्टुलावर बसले.

“मलमल,” म्हणाले. “पंखाची मलमल मी तीन आठवड्यांत सोडायला हवी होती. हाड जुळलं होतं, माझ्या बोटांना कळलं होतं. मी दोन महिने ठेवली. रोज म्हणायचो, उद्या सोडू. कारण सोडली की हा जाणार. सोडली तेव्हा पंख आखडून बसला होता. पुरता उघडलाच नाही परत. पुस्तक कितीही घट्ट बांधा, पण उघडलं पाहिजे, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. आणि मी त्या जिवंत प्राण्याला...” कव्हरावरून अंगठा फिरवत राहिले. “एकदा कोंडलाच ना मी त्याला. आता परत झाकण लावू?”

बुवांच्या तोंडून पद आलं नाही, दादाच्या तोंडून शहाणपण आलं नाही. आणि मला कळलं, की आता बोलायचं ते मलाच. तीन वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढायचं होतं, आणि ते काढल्यावर हा माणूस माझ्याकडे बघेल की नाही याची खात्री नव्हती.

“मी त्याला सोडून आले होते,” मी म्हटलं.

“कुठे?”

“चौकात. कारंज्यापाशी. पहिल्याच वर्षी. चादरीवरून चालला त्या दिवशी. तुम्ही वाचनालयात पुस्तकं पोचवायला गेला होतात. मी टोपलीत घातला, वर फडकं टाकलं, नेला आणि ठेवला पाचशे कबुतरांत. दोनदा केलं मी असं.”

दादा म्हणाला, “तू?” त्याला मी बोटाने गप्प बसवलं.

ह्यांचा चेहरा दगडासारखा. “मग?”

“मग काय, भाजी घेतली आणि निघाले. बँकेपाशी बघते तर पुढे फूटपाथवरून हा चाललाय.”

“उडत?”

“उडता कुठे येत होतं? चालत. छाती काढून. भोवती कबुतरं दाणे टिपतायत, तिकडे ढुंकून बघितलं नाही. मी मागे, तो पुढे. मला लाज वाटली म्हणून मी अंतर ठेवून चालले होते.”

“आणि रस्ता? मोठा रस्ता कसा ओलांडला?”

“सिग्नलला थांबला.”

“काहीतरीच.”

“देवाशपथ. माणसांच्या पायांत उभा राहिला, माणसं निघाली तसा निघाला. एका बाईची पिशवी आडवी आली तर तिला चोच मारून वाट काढली.”

दादाच्या तोंडून पहिला फुसकारा निघाला. बुवांनी पानं तोंडावर धरली.

“बेकरीपाशी?” ह्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“बेकरीपाशी थांबला. आत डोकावला. तिथल्या माणसाने हाकललं, तर तो दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे असा बघत राहिला, की त्याने एक तुकडा टाकला. खाल्ला. मग आपल्या दारात आला आणि मी कुलूप काढेपर्यंत उभा राहिला. मला उशीर झाला म्हणून माझ्या अंगठ्याला चोच मारली. तेव्हापासून मारायचा, अहो. माझ्याच अंगठ्याला. का ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.” मी हातातली पानं खाली ठेवली. “तुम्ही कोंडला नव्हता त्याला. मी चांगली दारं उघडून बाहेर टाकला होता. तो आला. त्याला इथेच यायचं होतं.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, तर हसत होते. “पिशवीला चोच मारली!” एवढं म्हणून पुन्हा हसायचे. आणि हसता हसता कुठल्या वळणावर ते रडणं झालं, आम्हा तिघांनाही कळलं नाही. चार दिवसांचं एकदम आलं. बुवा जवळ सरकून ह्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले, आणि गाणारा माणूस असूनही गप्प बसले.

संध्याकाळच्या आत आम्ही तिसरी पेटी घेतली. कागद मानेच्या रंगाचा नव्हताच, चिखलाचा झाला होता. “चालेल,” हे म्हणाले. त्याला नीट निजवला, फडकं सारखं केलं. झाकण ह्यांनीच लावलं, एकदाच. मागच्या अंगणात दादाने एका पायावर उभं राहून खड्डा खणला आणि दर दोन फावड्यांनी आम्हाला गुडघ्याची आठवण करून दिली.

बुवांनी निरोपाचं पद धरलं. पहिली दोन कडवी ऐकून माझे डोळे भरून आले. तिसरं कडवं मात्र पाळण्याचं निघालं, कारण पानं हाताला येतील तशी लागली होती. बुवा क्षणभर अडखळले, मग डोळे मिटून तेच गात राहिले. निरोपाच्या चालीवर अंगाई. खड्डा भरेपर्यंत अंगाईतलं बाळ झोपलेलं होतं. तसं काही वावगं वाटलं नाही.

“उद्या या,” ह्यांनी जाताना बुवांना सांगितलं, “नवीन शिवून देतो. अकरा पुस्तकांच्या आधी तुमचं.”

दादाही वाटाणे घेऊन गेला. ते परत नकोतच, असं मी त्याला सांगितलं. मी ताटं वाढली. हे हात धुऊन आले, समोर बसले, आणि पाव मोडून पहिला घास तोंडात घातला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या घासाला थांबले.

“दोनदा म्हणालीस ना?”

“जेवा ना आधी.”

“दुसऱ्यांदा कुठे सोडलंस?”

“अहो, राहू दे.”

“सांग गं.”

मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. “दुसऱ्यांदा,” मी म्हटलं, “बसने नेला होता.”

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली.