मागचं सांगणारी डबी

मी बोलतेय ती लुबोवा मिस्त्रीच्या दुकानातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून. गाडी कशाला टेकायला आली की टीट-टीट करून सांगणारी, पंजाएवढी काळी डबी मी.

जन्म जपानातला. तिथे आठ वर्षांत मी दोनदाच ओरडले, दोन्ही वेळा एकाच मांजरावर. मग गाडीसकट बोटीतून आणि पुढे रस्त्याने युगांडातल्या कंपालाला आले आणि पहिल्याच चौकात माझा घसा बसला. पुढे बोडा, मागे बोडा, आरशाला चिकटून बोडा! भाड्याच्या त्या मोटारसायकलींतल्या एकीवर तर खाट, गादी आणि बायको एकदमच चालली होती. मी ओरडू तरी कोणाकोणावर?

माझी मालकीण नाकिबूले, दवाखान्यातली नर्स. आठवड्यात तिचं डोकं उठलं. तिने लुबोवाला घरीच बोलावलं.

"हिचं तोंड बंद कर बाबा."

"ताई, ही डबी नाही, सासू आहे सासू! एक वायर तोडली की मुकी."

गाडीच्या सावलीत ठेंगण्या स्टुलावर नाकिबूलेचे वडील शेंगा सोलत होते. जुळ्यांचा बाप, म्हणून सगळे मानाने सालोंगो म्हणायचे. कान पार गेलेले. लुबोवाने हातवाऱ्यांनी सगळं समजावलं तसे ते खो खो हसले.

"मला नाही बुवा तिचा काडीचा त्रास!"

वायर तुटली. मला सगळं कळत होतं, फक्त सांगता येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी नाकिबूलेला ड्यूटीला उशीर झाला. सकाळची सावली गाडीच्या मागे पडते. सालोंगोंचं स्टूलही तिथेच होतं. तिने आरशात पाहिलं, पण एवढ्या खाली बसलेला माणूस त्यात दिसत नाही. गाडी मागे निघाली.

दोन हात. एक हात. वीतभर. मी जीव तोडून ओरडले. माझा ओरडा तुटक्या वायरच्या टोकाशी येऊन थांबला.

सालोंगोंना तिथल्या रिवाजाप्रमाणे झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून केळीच्या बागेत पुरलं. नाकिबूलेने पुन्हा गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही. गाडी सुटे भाग करून विकली गेली. मला मात्र लुबोवाने ठेवून घेतलं. गिऱ्हाईक विचारतं, "डबी चालते का रे?" तो मान हलवतो. "मुकी आहे."

आता दुकानातून कोणाचीही गाडी मागे निघाली की तो हातातलं काम टाकून धावतो, वाकून चाकांमागे बघतो आणि स्वतःच ओरडतो, "टीट, टीट, टीट!"

"मिस्त्री, डोकं फिरलं का?" लोक हसतात. तो हसत नाही.

तुमच्या गाडीतली माझी बहीण ओरडली, तर शिव्या द्या हवं तर. पण उतरून बघा.

संध्याकाळपर्यंत लुबोवाचा घसा बसतो. त्याची वायर तोडा, असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही.