पाहुण्यांच्या रांगेत मालकीणबाई

मालक बोलतात, ही बातमी मालकीणबाईंना बाहेरच्यांकडून कळली, तीही स्वयंपाकघरात, कांदा चिरताना.

बातमी आणली ती एका पाहुण्या बाईंनी. गोठ्यातून थेट हात धुवायला आत आल्या आणि टॉवेल शोधता शोधता म्हणाल्या, "काय बोलतात हो तुमचे मिस्टर! तासभर कुणी जागचं हललं नाही." मालकीणबाईंनी आधी टॉवेल दिला आणि मग विचारलं, "कोण बोलतात?" त्यांना वाटलं, बाईंची गल्लत होतेय, जनावरांचा डॉक्टर आला असेल, नाहीतर खतवाला. पण बाईंनी वर्णन केलं ते मालकांचंच: उंच, जरासे पोक काढून चालणारे, एका खिशात कायम सुतळी.

मालकीणबाईंनी कांदा चिरायचा थांबवला. मालक घरात चार शब्दांवर संसार करत आले होते. हं, नको, पुरे आणि बघू. लग्नानंतर मालकीणबाईंची धाकटी बहीण पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा दोन दिवस बघून तिने हळूच विचारलं होतं, "ताई, भाऊजींना ऐकू येतं ना?" ऐकू उत्तम येत होतं. पण मालकीणबाई दोघांच्या वाटणीचं बोलत. "चहा घेणार? घ्याल म्हणा, घेतल्याशिवाय कधी बाहेर पडलायत?" असा प्रश्न आणि त्याचं उत्तर एका दमात यायचं. मालक चहा घ्यायचे. कुणाचं काही अडत नव्हतं.

हा बोलका मालक तयार केला होता त्यांच्या लेकीने. लेक शहरातली नोकरी सोडून आली आणि तिने शेतावर शिकायचा कार्यक्रम काढला. दर रविवारी शहरातली माणसं येत. आधी भाजीचे वाफे, मग खताचा खड्डा, मग गोठा आणि शेवटी मालकीणबाईंच्या हातचं जेवण. कार्यक्रमाचे नियम दोन. नुसतं बघत उभं राहायचं नाही, प्रत्येकाने काम हाताने करायचं. आणि ज्याच्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड असेल त्याने काहीही विचारलं, तरी त्याला पूर्ण उत्तर द्यायचं. मालक नियमाला फार पक्के. ओसाड रस्त्यावरसुद्धा डाव्या-उजव्या बाजूला बघून ओलांडणारा माणूस तो. कोंबड्यांना सुट्टी कधी असते, असं एका गृहस्थांनी विचारलं, तेव्हा मालकांनी त्यांना कोंबडी पिसं गाळते त्या दिवसांबद्दल सगळं समजावून सांगितलं, म्हणे. मालकीणबाई तेव्हा भातापाशी होत्या. गोठ्याची वेळ आणि भाताची वेळ एकच, त्यामुळे त्यांना हे कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं.

एरवी त्यांनी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांचा जीव महिनाभर टांगणीला लागला होता.

झालं होतं असं. लेक एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, दाखवायला एक गाय ठेवू. बाकीच्या विकून टाकू. गोठ्याच्या जागी पाहुण्यांना बसायला छान हॉल होईल." आणि मालक म्हणाले, "बघू."

गाई मालकीणबाईंच्या होत्या. कागदावर नसतील, पण होत्या. मालकीणबाई नव्या नवरीच्या पायांनी घरात आल्या आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेल्या, ते रोज दोन वेळा. म्हातारी गाय, तिच्या दोन मुली आणि सगळ्यांत द्वाड ती धाकटी. एकूण एक त्यांच्या डोळ्यांसमोर जन्मलेल्या. त्यामुळे "बघू" म्हणजे काय, हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी चहा देताना विचारलं. बघू. चहा न देता विचारलं. बघू. एकदा रागाने भाजीत मीठच घातलं नाही. मालकांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि ताकास तूर लागू दिली नाही. लेकीला विचारावं, तर ती म्हणे, "बाबा ठरवतील." मधल्या काळात दलाल येऊन गाईंच्या पाठीवर हात फिरवून गेला होता. सोमवारी तो उत्तर घ्यायला येणार होता.

शनिवारी मालकीणबाई लेकीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "उद्याच्या पाहुण्यांत मला घे."

"आई, तू? आपल्याच गोठ्यात?"

"का? मला काही शिकायचं नसेल?"

लेकीने आईकडे नीट पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर असा भाव असला की वाद घालण्यात अर्थ नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने पिवळ्या फितीचं एक कार्ड काढून दिलं.

रविवारी मालकीणबाईंनी भाजी पहाटेच उरकली, तांदूळ धुऊन ठेवले. म्हातारीची धार रविवारी पाहुण्यांसाठी मागे ठेवतातच. तिच्या मुलींची त्यांनी कशीबशी काढली. धाकटीची राहिली. ती हल्ली लाथा झाडते आणि आज एवढा वेळ कुठला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग गवताची टोपी कपाळावर ओढून, कार्ड गळ्यात अडकवून त्या फाटकापाशी रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक चष्मेवाले गृहस्थ होते, मागे एक शिक्षिका.

मालक आले. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, ती मालकीणबाईंवर थांबली, मग कार्डावर थांबली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"या," ते म्हणाले. "आत शिरताना बूट धुवा, बाई. तुमच्यामुळे बाहेरची घाण वाफ्यात यायला नको."

बूट धुवायचं ते टाकं सकाळी मालकीणबाईंनीच घासलं होतं. त्यांनी बूट धुतले. इतक्या वर्षांत मालकांनी त्यांना पहिल्यांदाच "तुम्ही" म्हटलं होतं.

आणि मालक बोलायला लागले. वाफ्यापाशी माती हातात घेऊन ते माती भुकेली कधी असते, तृप्त कधी असते, हे सांगत होते. खताच्या खड्ड्यापाशी गांडुळाची अशी बाजू घेतली की शिक्षिका बाईंनी घाबरत घाबरत एक तळहातावर घेतलं. आवाज मऊ होता, मध्येच मिश्किल होत होता. लोक हसत होते. मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना राग आला होता, चांगला सणसणीत. घरात पोतंभर धान्य असावं आणि माणसाने घरच्यांना चिमूट चिमूट देऊन वर्षं काढावीत, तसं झालं होतं हे. एवढं सगळं आत होतं, तर माझ्या वाट्याला "हं" का? त्यांना रडूही येत होतं. त्यांनी टोपी आणखी खाली ओढली.

सगळे गोठ्यात आले. म्हातारी शांतपणे रवंथ करत होती. धाकटी दावं ताणून पाय आपटत होती.

"आता धार. एकेकाने बसायचं," मालक म्हणाले. "ओढल्याने गाय दूध देत नाही. अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने आचळ वर आवळायचं, दूध खाली कोंडायचं. मग बाकीची बोटं एकेक करून मिटायची. मुठीने धार काढायची."

चष्मेवाल्यांनी प्रयत्न केला, बुटावर दोन थेंब पाडले आणि टाळ्या घेऊन उठले. मग मालक म्हणाले, "तुम्ही या, बाई."

पहिला नियम मालकीणबाई साफ विसरल्या होत्या. विचारायला आलेल्या त्या. हात लावायला लागेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण सगळे बघत होते. त्या स्टुलावर बसल्या, कपाळ म्हातारीच्या कुशीला टेकवलं आणि हात नेहमीसारखे पुढे गेले. धार आली, बारीक, तुटक.

"चिमटीने नको," वरून मालकांचा आवाज आला. "चिमटीने आचळ दुखतं. मुठीने."

मालकीणबाईंनी मूठ करायला घेतली. अंगठा आला, पहिलं बोट आलं. पुढची बोटं अर्ध्यात थांबली. त्यांनी पुन्हा जोर लावला. सांध्यांतून कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि आचळ हातातून सुटलं.

"पहिल्यांदाच ना?" चष्मेवाले दिलासा देत म्हणाले. "मलाही जमलं नाही."

"हो," मालकीणबाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच."

मालक त्यांच्या बोटांकडे बघत होते. ती नजर मालकीणबाईंना सोसवेना, म्हणून त्यांनी हात मांडीखाली घेतले आणि एका दमात विचारून टाकलं, "या गाई तुम्ही ठेवणार की विकणार?"

दारात उभी असलेली लेक एकदम सरळ झाली. मालकांनी कार्डाकडे पाहिलं. घसा साफ केला. आता दुसरा नियम होता.

"मला अजून ठरवता आलेलं नाही," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, गांडुळांबद्दल सांगत होते त्याच आवाजात. "इथली धार घरातली बाई काढते. पूर्वी ती मुठीने काढायची. बादलीत असा जाड आवाज यायचा की भिंतीपलीकडे मला झोपेतून उठवायचा. दोन वर्षं झाली, आवाज बारीक येतोय. तिची बोटं मिटत नाहीत. चिमटीने काढते, म्हणून ती धाकटी लाथा झाडते आणि बोलणी मात्र गाय खाते. बादलीची दोरी ती दातांनी आवळते. कुणाला माहीत नाही, असं तिला वाटतं."

मालकांनी म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला.

"गाई ठेवल्या तर तिचे हात कामातून जातील. विकल्या, तर सकाळी उठून ती जाईल कुठे, ते मला सुचत नाही. सुचलं असतं, तर घरी सांगितलं असतं."

"मग धार तुम्हीच का काढत नाही?" चष्मेवाल्यांनी विचारलं. त्यांच्याही गळ्यात कार्ड होतं.

"ती काढू देत नाही. मी बसलो की गाई दूध चोरतात. कासेत धरून ठेवतात, सोडतच नाहीत. म्हातारी तेवढी देते, तीसुद्धा रविवारी, लोक असले की."

"पण तुम्ही त्यांना विचारलंत का, हाताचं?" हे शिक्षिका बाई.

"नाही," मालक म्हणाले. "विचारलं तर म्हणेल, हात ठणठणीत आहे. एकदा तोंडाने म्हटलं की मग ती मागे फिरणारी नाही. म्हणून विचारलं नाही."

मालकीणबाईंनी हात मांडीखालून काढले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या.

"दुखतो," त्या शेवटी म्हणाल्या.

"उजवा," मालक म्हणाले.

"दोन्ही."

हे मालकांना माहीत नव्हतं. त्यांनी खिशातली सुतळी बाहेर काढली, उगाचच बोटाला गुंडाळली, परत खिशात ठेवली. मग दुसरं स्टूल उचललं आणि धाकटीपाशी जाऊन बसले. तिने पाय झाडला. मालकांनी कास धुतली, हात लावला, मूठ आवळली. काहीच आलं नाही.

"बघा," ते पाहुण्यांना म्हणाले. "चोरते."

"चोरणारच!" मालकीणबाई स्टूल फिरवत म्हणाल्या. "तिन्ही त्रिकाळ माझी बडबड ऐकत पान्हा सोडायची सवय तिला. तुम्ही असे मुक्यासारखे बसलात की तिला वाटणार, कोण परका आला. म्हातारी रविवारीच का देते, ते कळलं का आता? बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. घरातलं."

मालकांनी कपाळ धाकटीच्या कुशीला टेकवलं. मग ते हळूच, तिच्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उद्या तो दलाल येईल. त्याला चहा द्यायचा आणि तसाच परत लावून द्यायचा. हॉल पलीकडे चिंचेखाली बांधू. तुझ्या मालकिणीला डॉक्टरकडे न्यायचंय, दोन्ही हात दाखवायचेत. ती नको म्हणेल. तिचं ऐकायचं नाही."

धाकटीने पाय खाली टेकवला. बादलीत जाड, ठसठशीत धार पडायला लागली.

लेक दारात डोळे पुसत होती. चष्मेवाले कार्यक्रमातला पुढचा भाग कोणता, असं तिला हळू आवाजात विचारत होते. भूक लागली होती बहुतेक. उत्तर मालकांनीच दिलं, मान वर न करता, मूठ न थांबवता.

"आता जेवण. पण उशीर होईल. करणारी इथे बसली आहे, आणि तिला अजून थोडा वेळ बसू द्यायचंय."