तांदळाच्या डब्यामागचा नारळ

बुधवारी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले आणि गुरुवारी आखातात युद्ध सुरू झालं. विषय होता ‘नेते बोलणी सोडून युद्ध का निवडतात’. मी टेबलावर हात आपटून म्हटलेलं, “कारण युद्ध काय असतं, ते त्यांना ठाऊकच नसतं.” टाळ्या इतक्या पडल्या की पुढचं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं. बाळकुमच्या कोळ्याची पोर, दहावी ब, शीला दामाजी. आता पुढच्या आठवड्यात, रविवारी, ठाण्यात मोठी फेरी होती. त्या दोन दिवसांत मी घरात चालतानाही भाषणच करत होते.

तेव्हा आमच्या खाडीतही एक भांडण पेटलेलं. पाण्यात खुंट रोवून त्यांना मोठं जाळं बांधतात. पण पाण्याला ओढ असेल तिथेच ते भरतं. मासळी आटलेली, तशी चांगली जागा एकच उरलेली, आणि तिथे पलीकडच्या गावाने आपले खुंट रोवलेले. पलीकडचं गाव म्हणजे माझ्या आईचं माहेर. त्यातला एक खुंट मोरूमामाचा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावचे पाटील. जेवताना ते आईला बोललेले, “भरतीला जाळं त्यांचं, ओहटीला आपलं. बसून बोललं तर एका दिसात मिटंल गो भागीरथी.”

म्हणून शनिवारी आई होडीने माहेरी जाऊन आली. पदराखालून तिने नारळ काढला, कुंकू लावलेला, शेंडीला लाल दोरा, आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवला. तो कसला ते मला माहीत होतं. गावं भांडली की समेटाचा नारळ समोरच्या गावच्या, इकडे दिलेल्या लेकीच्या ओटीतून येतो. पाटलाने घरात फोडून खाल्ला की दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे पाटील बोलायला बसतात. नारळाचं नाव मात्र कोणी काढत नाही.

“हात लावू नको,” आई बोलली. “आबा एकटं असलं की मी देईन.”

लपवायचं कशाला, ते तिने सांगितलं नाही. मला तो जुन्या बायकांचा भित्रेपणा वाटला. चांगली गोष्ट आहे तर चारचौघांत करावी, असं माझ्या भाषणातच होतं.

रविवारी सकाळी आमच्या पडवीवर बैठक भरली. तीसेक माणसं. मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीत आबांच्या विरुद्ध उभा राहिलेला विठ्ठल खांबाला टेकून होता.

“पाटलाची सासुरवाडी तिकडं,” तो बोलला. “मेव्हण्याचा खुंट उपटला तर रातचं जेवण कोण वाढंल?”

पोरं हसली. आबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. “एक दिवस थांबा,” ते म्हणाले. “उद्या बघू.” दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मला वाटलं, आता नुसता एक धक्का हवा. आई मागे सुकट वाळत घालत होती. मी डब्यामागचा नारळ काढला, पडवीवर गेले आणि आबांसमोर ठेवला. “बघा, त्यांनाही बोलायचंच आहे,” मी म्हटलं. स्पर्धेतल्याच आवाजात.

सगळ्यांनी शेंडीचा लाल दोरा पाहिला. मग विठ्ठल म्हणाला, “वा रे वा. निवाडा सासुरवाडीतच शिजला. पाटलानं फक्त गिळायचा.”

या वेळी म्हातारेही हसले.

आबांनी नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. “आत ठेव.” आणि माणसांना म्हणाले, “उद्या ओहटीला खुंट उपटायचे. कोयते घ्या.”

सोमवारी मी शाळेतून आले तोवर सगळं होऊन गेलेलं. मोरूमामा त्याच्या खुंटाला मिठी मारून उभा राहिला होता म्हणे. कोयता कोणाचा, ते अजून कोणी सांगत नाही. मामाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आई त्याला बघायला निघाली तर तिकडून निरोप आला, आमच्या काठाला उतरू नको. ती पिशवी भरून तशीच चुलीपाशी बसून राहिली.  मला रागावली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी आबा पडवीत जाळं सांधत होते. मी विचारलं, “तुम्हाला बोलायचंच होतं ना?”

“व्हतं.”

“मग?”

त्यांनी आणखी एक गाठ मारली. “विठ्ठल बोलला तवा तू कोणाकडं बघत व्हतीस?”

“विठ्ठलकडे.”

“समदी तिकडंच बघत व्हती. बोलू म्हटलं असतं तर तवाच पाटील त्यो झाला असता,” आबा म्हणाले. आणि दाताने दोरा तोडला.

रविवारी ठाण्याच्या त्या मोठ्या हॉलमध्ये मी उभी राहिले. नेत्यांना युद्ध काय असतं ते ठाऊक नसतं, हे वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. आबांना ठाऊक होतं. कोयता बोटावर पडला की काय होतं, ते जन्मभर कोयता वापरलेल्या त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. मी वाक्य सोडून दुसऱ्यावर गेले, तिथून तिसऱ्यावर. घंटा झाली. नंबर आला नाही.

घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात आबा एकटेच चहा पीत होते. आई पाण्याला गेलेली. मी डब्यामागून नारळ काढला आणि त्यांच्याजवळ ठेवला. या वेळी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्यांनी तो कानाशी धरून हलवला. आत पाणी होतं. कोयता भिंतीला टेकवलेला, हात लांब केला की मिळाला असता. फोडल्याचा आवाज मात्र पडवीपर्यंत गेला असता.

“बाहेर कोण हाय बघ,” ते म्हणाले.

मी दारातून डोकावले. पडवीच्या पायरीवर विठ्ठल आणि आणखी दोघं तंबाखू मळत बसलेले. विठ्ठलने मला विचारलं, “पाटील काय करतंय गो?”

“चहा पितायत,” मी म्हटलं.

आत आले तेव्हा आबा उठले होते. तांदळाचा डबा त्यांनी थोडा पुढे ओढला, नारळ मागे ठेवला, आणि डबा पुन्हा भिंतीला लावला. मग धोतराला हात पुसत ते पडवीवर गेले.