विचारत फिरणाऱ्या बाईंचे स्टूल

मी एक जुने घडीचे स्टूल आहे. मित्रांनो, खुर्चीचे आत्मवृत्त तुम्ही ऐकले असेल, छत्रीचे ऐकले असेल, फाटक्या पुस्तकाचे तर परीक्षेत स्वतःच लिहिले असेल. स्टुलाला कोण विचारतो? बसणारा बसतो आणि उठून चालू लागतो. माझा स्वभाव त्यामुळे जरा तिरकस झाला आहे, तेवढे सांभाळून घ्या. पण ज्या बाईंबरोबर मी हिंडले, त्यांचे काम मधेच थांबवले गेले आणि त्यापायी काय झाले ते मी पाहिले आहे. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला मोडायचे नाही.

माझा जन्म पिंपरीच्या कॅम्पातला. सन एकोणीसशे चोपन्न. फाळणीनंतर आलेल्या लोकांनी तिथे दुकानांच्या ओळी मांडल्या होत्या, आणि ओळीच्या टोकाला नवाब मिस्त्री सुतारकाम करत. त्यांनी सागवानाच्या उरल्यासुरल्या पट्ट्या तासून माझे पाय केले आणि जुन्या तंबूचे जाड कापड ताणून बैठक केली. घडी घातली की मी काखेत मावे.

"बेफिकीर बसा बाई, हत्ती बसला तरी हलणार नाही," नवाब मिस्त्री म्हणाले.

"हत्तीला काय विचारायचंय मला? माणसांना विचारायचंय," असे म्हणून सुमनताई हसल्या आणि मला सायकलच्या कॅरिअरला बांधून निघाल्या.

सुमनताई पुण्याच्या. वय सव्वीस, डोळ्यांवर चष्मा, समाजशास्त्रात एम. ए. प्राध्यापक यशवंतरावांच्या संशोधन मंडळात त्या नोकरीला होत्या. मंडळाला सरकारने दोन वर्षांसाठी अनुदान दिले होते, पण दुसऱ्या वर्षाची मंजुरी पहिले वर्ष पाहून मिळायची होती. काम एका साध्या प्रश्नाचे होते. पटकीची साथ येऊ नये म्हणून सरकार गावोगाव झाकणाच्या पक्क्या विहिरी बांधून त्यांवर हापसे बसवत होते. पाणी स्वच्छ होते, हापसा नवा होता, आणि तरीही लोक ओढ्याचेच पाणी पीत होते. का? विहिरीची खोली मोजणारे इंजिनियर सरकारकडे पुष्कळ होते. विहिरीवर न येणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते शोधणारे मात्र यशवंतराव, सुमनताई आणि (मला मोजले तर) मी.

चाकणहून महाळुंग्याच्या वाटेला पळसमळा नावाची वाडी होती. घरे एक्केचाळीस. तिथला हापसा अगदी मानाच्या जागी होता, मारुतीच्या देवळासमोर, पाराला लागून. जागा चिमाजींनी दाखवली होती. चिमाजी म्हणजे वाडीतले सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ. सरकारने गावाला एवढी मोठी वस्तू दिली, ती कुठे आडबाजूला बसवायची? देवासमोर, चार शहाण्या माणसांच्या नजरेसमोर बसली पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटले. सकाळ-संध्याकाळ ते आणि त्यांचे भाऊबंद त्या पारावर बसत आणि कौतुकाने हापशाकडे पाहत. हापसा बहुतेक वेळ कोरडाच असे.

सुमनताई घरोघर जात, अंगणात मला उघडत आणि छापील प्रश्नावली मांडीवर घेत. उघडताना माझा 'कट्ट' असा आवाज होई. तो ऐकला की घरातल्या बायका आत जात आणि कर्ता पुरुष बाहेर येई. मला पाहून त्यांना तलाठ्याची, मामलेदाराची आठवण होत असणार. स्टुलावर बसलेल्या माणसाला खरे सांगून आजवर कुणाचे भले झाले होते?

"आमच्या बायांना सवयच हाय वढ्याची," चिमाजी म्हणाले. "पानी बी गोड लागतंय. लिवा तसं."

सुमनताईंनी तसे लिहिले. घराघरातून हेच उत्तर आले. संध्याकाळी सायकल हातात धरून चालताना त्या पुटपुटल्या, "एकाच तोंडातून आल्यासारखं कसं बोलतात सगळे?" मला उत्तर ठाऊक होते. पुरुषच बोलत होते, आणि पाणी पुरुष भरत नव्हते. पण स्टुलाला बोलता येते का?

महिन्याभराने त्या पुन्हा चिमाजींच्या घरी गेल्या. चिमाजी पारावर होते, त्यांचा मुलगा भैरू सायकलवरून पिंपरीच्या कारखान्यात शिफ्टला गेला होता, त्यांच्या पत्नी अंबूबाई शेतावर होत्या. घरात फक्त सून मंजुळा ओसरीवर सुपात बाजरी निवडत बसली होती. सुमनताईंनी मला घडी घातलेलेच दाराशी टेकवले आणि जमिनीवर बसून बाजरीतले खडे वेचू लागल्या. मला थोडा राग आला, खरे सांगते. मंजुळाची तीन वर्षांची ठकी मात्र माझ्याकडे धावली. तिने मला ओढून, झटून उघडले आणि वर चढून बसली. सुमनताई सोडून माझ्यावर बसलेले ते वाडीतले पहिले माणूस.

अर्धे सूप निवडून झाले तेव्हा मंजुळा आपणहून बोलली.

"ताई, हापशावर जायाला मला काय पाय न्हाईत व्हय? पर तिथं मामंजी बसत्यात, चुलतसासरं बसत्यात. हापसायचं म्हंजी दोनी हात गुतलं. वाकावं लागतंय. मग डुईवरला पदर कुनी धरायचा?"

सुमनताईंचा हात सुपातच थांबला.

"मग हे घरात सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तुमी बसताय म्हनून मी पानी भरत न्हाई, आसं मामंजीस्नी म्हनू?" मंजुळा हसली आणि लगेच घाबरली. "ताई, माझं नाव कुटं घ्यायचं न्हाई हां."

"कागदावर नाव येणार नाही. आणि एका घरचं बोलणं मी दुसऱ्या घरी नेत नाही," सुमनताई म्हणाल्या. "पण यातून काहीतरी होईल बघ. नक्की होईल."

त्या दिवसापासून त्यांनी मला वाडीत उघडलेच नाही. कधी भाकरी थापणाऱ्या बाईजवळ, कधी गोवऱ्या लावणारीजवळ त्या जाऊन बसत, आणि मी भिंतीला टेकून ऐके. एक्केचाळीस घरांपैकी तेहतीस घरांतल्या सुनांनी निरनिराळ्या शब्दांत तेच सांगितले. माझा उपयोग झाला तो मिटून राहण्याचा. आयुष्यात मला एवढे समाधान पुन्हा मिळाले नाही.

यशवंतरावांनी ते कागद वाचले आणि आनंदाने टेबलावर थाप मारली. दुसऱ्या वर्षाचे काम पक्के ठरले. वाडीतल्या बायकांची एक बैठक, पुरुषांची वेगळी बैठक, आणि कुठल्याही घराचे नाव न घेता ही अडचण सगळ्यांपुढे मांडायची. हापशापुढे कुडाचा आडोसा घालायचा की पारावरची बैठक हलवायची, ते वाडीनेच ठरवायचे. मग खेड तालुक्यातल्या आणखी तीस गावांत, विहीर खणायच्या आधी, तिथल्या बायकांना जागा विचारायची. त्यासाठी पुढल्या वर्षाचे अनुदान हवे होते.

फेब्रुवारीत अनुदान देणाऱ्या खात्याचे एक साहेब मंडळात आले. खोलीत खुर्च्या दोनच, म्हणून सुमनताई माझ्यावर बसल्या.

साहेब अहवाल चाळून हसले. वाईट हसणे नव्हते ते, पण हसणेच होते. "प्रोफेसर, बायकांचा पदर कधी घसरतो हे कळायला सरकारने वर्षभर पगार मोजायचा? हे कसलं शास्त्र?"

"साहेब, विहीर खणण्याआधी तुम्ही खडक तपासता," यशवंतराव म्हणाले. "माणूस तपासायचा खर्चच तेवढा जड वाटतो?"

"अहो, माणसं मलाही कळतात. मीही खेड्यातलाच आहे. त्यांना थोडं समजावलं की झालं. शिवाय कारखाने उभे राहतायत, रस्ते हवेत, धरणं हवीत. त्यात हे दारोदार गप्पा मारायचं काम..." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याच पैशात पळसमळ्याला आणखी एक हापसा बसवून देतो. लोकांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी नको का?"

मार्चअखेर अनुदान थांबले. मेमध्ये दुसरा हापसा बसला. कुठे? पहिल्यापासून तीन हातांवर, त्याच पारासमोर. आता दोन हापसे कोरडे राहू लागले.

तुम्ही विचाराल, मग सुमनताई स्वतः जाऊन चिमाजींना का बोलल्या नाहीत? मीही त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यातून हेच विचारत होते. त्यांची नोकरी गेली होती, एका शाळेत शिकवण्याचे काम धरले होते. दोनदा त्या मला काखेत मारून निघाल्या आणि दोनदा दारातून परतल्या. बैठक असती तर बोलणे सगळ्या बायकांचे झाले असते. एकट्या जाऊन सांगितले असते तर चिमाजींनी पहिल्यांदा घरातल्याच सुनेकडे पाहिले असते. मंजुळाला दिलेला शब्द त्यांना मोडवेना. "पुढल्या साली मंजुरी मिळेल," असे त्या मोठ्याने म्हणत. त्या कुणाला समजावत होत्या ते मला अजून कळलेले नाही.

श्रावणात वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. चाकणच्या बाजूला काही वाड्यांत पटकी. सुमनताईंनी त्या वाचल्या आणि सवयीने मला उचलून एस.टी. पकडली.

चिमाजींच्या अंगणात माणसे बसली होती. ठकीला जाऊन चार दिवस झाले होते. सकाळी उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी भैरू शिफ्टवरून आला तेव्हा ती त्याला ओळखत नव्हती. दिवेलागणीला सगळे संपले. जिने मला झटून उघडले होते ती एका दिवसात गेली, आणि मी लाकूड आहे, मला रडताही आले नाही.

मंजुळा खांबाला टेकून बसली होती. सुमनताई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या.

"ताई," ती म्हणाली, "तुमी लिवलं व्हतं न्हवं?"

सुमनताईंनी होकारार्थी मान हलवली.

"काय लिवलं व्हतं?" चिमाजींनी विचारले. ते एकेकीकडे पाहत राहिले. शेवटी अंबूबाई चुलीपुढून उठल्या. तीस वर्षे त्यांनीही ओढ्याचेच पाणी भरले होते.

"अवो, हापसा तुमच्याम्होरं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी समदी तिथं बसताय. सुनांनी तिथं कसं वाकायचं? म्हनून वढा. दुसरं काय न्हाई."

चिमाजींनी डोक्याचे पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"एवढंच व्हतं? आगं, मग मला कुनी म्हनायचं व्हतं. मी काय उठलो नसतो व्हय?"

मंजुळाने पदर तोंडात कोंबला. सुमनताई तिथून उठल्या त्या थेट चाकणच्या रस्त्याला लागेपर्यंत थांबल्या नाहीत. मी अंगणातच राहिले होते. भैरू सायकलवरून मला पोचवायला आला.

दुसऱ्या दिवसापासून चिमाजी पारावर बसले नाहीत, त्यांचे भाऊबंदही बसले नाहीत, आणि पळसमळ्याचे दोन्ही हापसे चालू लागले, असे पुढे भैरूने पत्रात कळवले. वाडीचा प्रश्न एका वाक्यात सुटला. पण ते वाक्य उरलेल्या तीस गावांत कुणी नेले नाही. मंडळ बंद झाले. सरकारी पैशातून घेतलेली वस्तू म्हणून माझ्या पायावर क्रमांक टाकला आणि प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यांबरोबर मला खेडच्या कचेरीत जमा केले. आता एकोणीसशे एकोणसाठ चालू आहे. शेजारच्या टेबलावर नव्या विहिरींचे नकाशे पसरतात. ओव्हरसियर विचारतो, "जागा कुठली?" समोरचा सांगतो, "देवळासमोर, पाराजवळ." गठ्ठ्यांची सुतळी अजून कुणी सोडलेली नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणत नाही. माझे कापड विरले आहे, आणखी किती दिवस टिकणार? पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही साहेब होतील, खर्चाच्या कागदावर सही करतील. विहिरीला पैसे द्या, रस्त्याला द्या, औषधाला द्या. आणि माणसे जशी वागतात तशी का वागतात, हे त्यांच्याजवळ बसून विचारणाऱ्यालाही द्या. त्याचे काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून हसू नका. पळसमळ्याचे चिमाजी उठायला तयार होते. त्यांच्यापर्यंत तेवढे वाक्य वेळेवर पोचवायचे होते.